केसपेपरची रांग टळली, उपचारांचे काय?

सरकारी रुग्णालयात क्यूआर कोड स्कॅन केला की मोबाइलवर टोकन मिळते आणि केसपेपरची रांग टळते. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा हा सर्वांत ठळक फायदा. त्यासाठी १४ अंकी 'आभा' क्रमांक लागतो.

खरी कसोटी पुढे, डॉक्टरांच्या टेबलावर आहे. रुग्णाला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद संगणकात असेल, तर ते औषध लिहिताच सिस्टीम इशारा देऊ शकते. तीच नोंद घरी राहिलेल्या फाइलमध्ये असेल, तर 'आभा' असूनही उपयोग नाही.

या योजनेत सगळे रिपोर्ट एका जागी साठवले जात नाहीत. ते त्या त्या रुग्णालयाकडे राहतात आणि रुग्णाने संमती दिली, तर दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. मुळात नोंदच केली नसेल, तर दिसणार काय?

गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांनी रुग्ण तपासायचे की टाइप करत बसायचे? तिथे डेटा एंट्रीसाठी माणूस, चालणारे इंटरनेट आणि वीज गेल्यास बॅकअप आधी द्यायला हवा. किती 'आभा' कार्डे काढली, यापेक्षा किती रुग्णांचे जुने रिपोर्ट डॉक्टरांना वेळेवर दिसले, हे सरकारने मोजावे.