'रिंगू'ची शापित टेप ते व्हॉट्सॲप फॉरवर्ड: तंत्रज्ञानाची भीती खरी कुठे आहे?

एक व्हिडिओ टेप. ती पाहिली की फोन वाजतो आणि सात दिवसांनी पाहणाऱ्याचा मृत्यू होतो. १९९८ साली आलेल्या 'रिंगू' या जपानी चित्रपटाची ही कल्पना. कोजी सुझुकी यांच्या कादंबरीवर हिदेओ नाकाता यांनी तो दिग्दर्शित केला. २००२ मध्ये हॉलिवूडने त्यावरून 'द रिंग' काढला. टीव्हीच्या पडद्यातून सरपटत बाहेर येणारं भूत तेव्हापासून जगभर गाजलं.

भूत वाड्यातून टीव्हीत का आलं?

जुन्या भयकथांमध्ये भुताची जागा ठरलेली असायची. पडका वाडा, विहीर, पिंपळ. तिकडे गेलं नाही की सुटका. पण टीव्ही आणि फोन घरातच असतात, ते टाळणार कसे? म्हणूनच भयपटांनी प्रत्येक काळातलं नवं यंत्र उचललं. २००१ च्या 'कैरो'मध्ये भुतं इंटरनेटमधून येतात. २००९ च्या '१३ बी'मध्ये आर. माधवनच्या कुटुंबात जे घडतं, ते टीव्ही मालिकेत दिसू लागतं. २०२० चा 'होस्ट' तर लॉकडाऊनमध्येच बनला आणि तो घडतो झूम कॉलवर.

शापाची खरी अट

'रिंगू'मध्ये जीव वाचवायचा एकच मार्ग आहे: टेपची कॉपी काढून दुसऱ्याला दाखवायची. म्हणजे भीती पुढे ढकलायची. आजच्या भाषेत, फॉरवर्ड करायची.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून पसरली होती. असे मेसेज पुढे पाठवणाऱ्या अनेकांना कुणाचं वाईट करायचं नसतं. 'आपल्या माणसांना सावध करू', एवढाच त्यांचा विचार असतो. टेपचा शापही असाच पसरतो, आपल्या माणसाला वाचवण्याच्या धडपडीतून.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

मग दोष यंत्राचा की माणसाचा?

यंत्र अफवा तयार करत नाही. पण ती तपासायला लागणारा वेळ मात्र ते हिरावून घेतं. 'डिजिटल अरेस्ट'ची फसवणूकही याच घाईवर चालते. पोलिसांच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर धमकावतो, कॉल बंद करू देत नाही, घरच्यांना सांगू देत नाही आणि पैसे भरायला लावतो. भारतीय कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकारच नाही.

भयपटात फोन उचलला की सुटका नसते. खऱ्या आयुष्यात ती असते. कॉल कापता येतो, घरातल्या कुणाला तरी हाक मारता येते, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आणि घाबरवणारा मेसेज आला, तर तो आपल्याच फोनमध्ये थांबवता येतो.

राईनपाड्यात पाच जणांचा जीव गेला. पुढचा फॉरवर्ड करण्याआधी एवढं आठवलं तरी पुरे.