लेहमधले पहिले दोन दिवस शरीराला द्या

लेह-लडाखची तिकिटं काढली असतील, तर बॅगा भरण्याआधी एवढं वाचाच.

आपलं कळसूबाई १,६४६ मीटर उंच. लेह आहे सुमारे ३,५०० मीटरवर. विमानातून गेलेला माणूस काही तासांत कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर उतरतो. शरीराला ते इतक्या लवकर मानवत नाही.

तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. पण हवेचा दाब कमी, म्हणून एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश. मग श्वास वाढतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्तातलं आम्ल घटतं आणि मेंदू श्वासाला पुन्हा आवर घालतो. पहिल्या रात्री गुदमरून जाग येते ती बहुधा या ओढाताणीतून. हा तोल मूत्रपिंडं सावरतात, पण त्यांना काही दिवस लागतात. रक्तातल्या लाल पेशी पुरेशा वाढायला तर आठवडे जातात.

‘तिथली माणसं धावत चढ चढतात, मग आपल्यालाच काय होतंय?’ असं म्हणू नका. लडाख ज्याच्या कडेला आहे, त्या तिबेटी पठारावर माणसं हजारो वर्षं राहत आली आहेत. ईपीएएस१ या जनुकाचं एक खास रूप त्यांच्यात पसरलं आहे. ते लाल पेशी अवाजवी वाढू देत नाही, म्हणून रक्त दाट होत नाही. डेनिसोवन या नामशेष मानवांकडून ते आलं असावं, असं २०१४ साली संशोधकांनी दाखवलं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजमधल्या लोकांचं शरीर वेगळ्या वाटेनं गेलं. त्यांचं हिमोग्लोबिन वाढलेलं असतं आणि काहींना त्याच दाट रक्ताचा आजार जडतो. हजारो वर्षांत घडलेलं हे शरीर आठ दिवसांच्या सहलीत कुणाला मिळत नाही. आपल्या हाती सबुरी आहे, तेवढी धरा.

पहिले दोन दिवस लेहमध्येच राहा. पहिल्या दिवशी तर झोपा, बसा, गप्पा मारा. पाणी पीत राहा. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. पांगोंग सरोवर ४,२०० मीटरहून उंच आहे, तिथला मुक्काम नंतर ठेवा. हृदयाचा, फुप्फुसांचा आजार असेल किंवा पोटात बाळ असेल, तर जायचं की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा. उंचीवरच्या त्रासाची गोळीही त्यांच्याच सल्ल्यानं घ्या आणि ती घेतली म्हणून विश्रांती चुकवू नका. जिममध्ये कमावलेलं शरीर इथे ढाल होत नाही.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाही? तर सोबत्यांना लगेच सांगा आणि बरं वाटेपर्यंत आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, चालताना तोल गेला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट पाहू नका. डॉक्टर गाठा, ऑक्सिजन लावा, खाली उतरा. त्या माणसाला क्षणभरही एकटं सोडू नका. पैसे भरलेत म्हणून कुणाला ओढत वर नेऊ नका.

आणि हे सगळं तिथे पोहोचल्यावर आठवून उपयोग नाही. आजच टूरवाल्यांना फोन करा आणि विचारा: पहिल्या दोन रात्री लेहमध्ये आहेत ना? नसतील, तर मागून घ्या.