गोळी पोहोचली, जंत कायम

जंत म्हणजे लहान मुलांची किरकोळ तक्रार, असा आपल्याकडे समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मात्र देशातील १ ते १४ वयोगटातील २० कोटींहून अधिक मुलांना मातीतून पसरणाऱ्या जंतांचा धोका आहे. धोका म्हणजे लागण नव्हे, हे खरे. पण सरकारी पाहण्यांत आढळलेले लागणीचे प्रमाणही मध्य प्रदेशात १२.५ टक्के, तर तामिळनाडूत तब्बल ८५ टक्के होते. आरोग्यसेवेसाठी नावाजलेल्या राज्याची ही स्थिती चकित करणारी वाटते. परंतु जंतांच्या अंड्यांना उबदार, ओलसर माती मानवते, कोरड्या रेताड जमिनीत ती फारशी तग धरत नाहीत. दवाखान्यांच्या संख्येने हा फरक बुजत नाही.

फेब्रुवारी २०१५ पासून टप्प्याटप्प्याने शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाऊ लागली. ती स्वस्त आहे, गुणकारीही आहे. मात्र ती पोटातील जंत मारते, अंगणातल्या मातीतील अंडी नव्हेत. उघड्यावरील शौचाने ती माती पुन्हा दूषित होते आणि काही महिन्यांत लागण परतते. अंकुशकृमी तर अनवाणी पायांतूनच शरीरात शिरतो आणि रक्तक्षय वाढवतो. मोहीम मुख्यतः १ ते १९ वयोगटासाठी आहे. चिखलात भातलावणी करणारी चाळिशीतील शेतमजूर स्त्री तिच्या कक्षेत येत नाही.