"एक लिटर टाका" हे गॅरेज धंद्यातलं सगळ्यात महाग उत्तर आहे

कूलंटचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला त्यांच्यासाठी हा लेख. त्यात वेळेअभावी जे बोलायचं राहिलं ते इथे लिहितोय, आणि थोडं स्पष्टच लिहितोय.

प्रश्न साधा आहे. गाडीत कूलंट किती बसतं? गॅरेज किंवा स्पेअर पार्टचं दुकान काढायची तयारी करणाऱ्या मुलांना मी हा प्रश्न पहिल्याच बॅचला विचारतो. दहापैकी सात-आठ जण लगेच सांगतात, "एक लिटर, सर." गाडी कुठली, पेट्रोल की डिझेल, हे कोणी विचारतच नाही. माझं मत असं आहे की जो गाडी न विचारता आकडा सांगतो, त्याने अजून दुकान उघडू नये. दोन महिने थांबावं, हे शिकावं, मग बोर्ड लावावा.

हा "एक लिटर" येतो कुठून? एक कारण म्हणजे कॅन एक लिटरचा येतो. दुसरं, आपली बरीच पोरं टू-व्हीलरवर हात बसवून मग फोर-व्हीलरकडे येतात. पल्सर एनएस २०० किंवा केटीएम ड्यूकसारख्या लिक्विड-कूल्ड बाइकला साधारण लिटरभरच लागतं, तोच आकडा डोक्यात बसतो. कारचं गणित वेगळं आहे. लहान हॅचबॅकमध्ये साधारण साडेतीन ते पाच लिटर, सेडान आणि कॉम्पॅक्ट एसयूव्हीत पाच ते सात, मोठ्या डिझेल एसयूव्हीत आठ-दहा लिटरपर्यंत. ट्रकचं तर वीसच्या पुढे जातं. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचा आकडासुद्धा सारखा नसतो. म्हणून माझा आकडा पाठ करू नका, त्या गाडीचं ओनर्स मॅन्युअल उघडा. शेवटच्या पानांवर तक्ता असतो. तो आकडा रिझर्व्ह टाकी धरून आहे की सोडून, तेही तिथेच लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच वाचायचं राहतं.

आता खरी गंमत. मॅन्युअलमध्ये पाच लिटर लिहिलंय, पण खालचा प्लग काढला की बादलीत तीनच लिटर पडतं. मग पोरगं म्हणतं मॅन्युअल चुकलं. चुकलेलं नसतं. कूलंट फक्त रेडिएटरमध्ये नसतं. इंजिनच्या ब्लॉकमध्ये, हेडमध्ये, होज पाइपात आणि डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरमध्येही असतं. रेडिएटरच्या प्लगमधून सगळं कधीच बाहेर येत नाही. बऱ्याच गाड्यांत जवळपास निम्मं आतच राहतं.

हे कळलं नाही तर पुढचं गणित सगळं फसतं. पाच लिटरची गाडी धरा. तुम्ही साध्या पाण्याने फ्लश केलं, प्लग काढला, तीन लिटर पाणी बाहेर आलं. आत दोन लिटर पाणी शिल्लक. आता तुम्ही निम्मं पाणी आधीच मिसळलेलं, रेडी टू यूज कूलंट तीन लिटर ओतलं. ग्राहकाला सांगितलं, "साहेब, फुल्ल कूलंट, पाण्याचा थेंब नाही." पण त्या तीन लिटरमध्ये मूळ कूलंट दीडच लिटर आहे. पाचात दीड म्हणजे ३० टक्के. तुम्ही विकलं ५० टक्के, गाडीत गेलं ३०. तुमची नियत साफ असूनही ग्राहक फसला. बरोबर पद्धत म्हणजे तिथे कॉन्सन्ट्रेट वापरायचं. अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट आधी, वर अर्धा लिटर डीएम वॉटर. आतल्या दोन लिटरशी मिसळून बरोबर निम्मं-निम्मं होतं.

याच्या उलट टोकाला जाणारेही भेटतात. "मी तर पाणी घालतच नाही, शंभर टक्के कॉन्सन्ट्रेट टाकतो." भावांनो, उष्णता वाहून न्यायचं काम पाणीच जास्त चांगलं करतं. ग्लायकॉल आहे ते उकळबिंदू वर न्यायला आणि गोठणं टाळायला, आणि त्यातली रसायनं आहेत गंज थांबवायला. निम्मं-निम्मं मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. निव्वळ एथिलीन ग्लायकॉल मात्र उणे १३ च्या आसपासच गोठतं. म्हणजे जास्त पैसे घालून कमी मिळतं.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, मग कूलंट हवंच कशाला? अ‍ॅम्बेसेडर आयुष्यभर पाण्यावर चालली." हा प्रश्न मला सोलापूरपासून नाशिकपर्यंत ऐकायला मिळतो, आणि प्रश्न रास्त आहे. जुन्या गाड्यांचं इंजिन बिडाचं, जाडजूड होतं. ड्रायव्हर रोज सकाळी बॉनेट उघडून पाणी बघायचा. आजच्या गाडीला अ‍ॅल्युमिनियमचं हेड, अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर, त्याला प्लॅस्टिकच्या टाक्या. त्यात बोअरचं खारं पाणी ओतलं की आतल्या बारीक नळ्यांत क्षार धरतो. आपल्या बाथरूमच्या नळाला जो पांढरा थर बसतो ना, तोच. शिवाय झाकण दाबाचं असतं म्हणून कूलंट शंभर अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं तर तो फायदाही गेला. मे महिन्यात खंबाटकी घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या बघा. काहींचं झाकण खराब असतं, काहींचा फॅन बंद असतो, आणि काहींना कोणीतरी "एक लिटर टाका" म्हणालेलं असतं.

आता धंद्याचं बोलू, कारण तुम्ही त्यासाठीच वाचताय. समजा कॉन्सन्ट्रेट ३०० रुपये लिटर आणि मजुरी ४०० रुपये. शेजारचा गॅरेजवाला एक लिटर ओततो, बाकी नळाचं पाणी, बिल ७००. तुमचं बिल अडीच लिटरचे ७५०, मजुरी ४०० आणि डीएम वॉटरचे थोडे, म्हणजे १,२०० च्या घरात. ग्राहक म्हणणारच, "तुम्ही महाग आहात." इथे बरीच पोरं घाबरून रेट पाडतात. मी म्हणतो पाडू नका. मॅन्युअलचं पान दाखवा, बादलीतलं निघालेलं दाखवा, मापाचा जग दाखवा. कूलंट दोन वर्षं चाललं असं धरलं तर हा ५०० रुपयांचा फरक दिवसाला रुपयासुद्धा पडत नाही. आणि इंजिन तापून हेड वाकलं, हेडगॅस्केट गेलं, तर बिल पाच आकडी. टॅक्सीवाल्याचे कामाचे दिवस बुडतात ते वेगळेच, आणि त्याचा हप्ता काही थांबत नाही.

सगळे ग्राहक ऐकतील असं मी म्हणणार नाही. काही जण शेजारीच जातील. जाऊ द्या.

माझ्या दुकानात एक टुरिस्ट गाडीवाले काका यायचे. महिन्यात तीन वेळा एकेक लिटरचा कॅन नेला. चौथ्यांदा आले तेव्हा मी कॅन दिला नाही. म्हटलं, "काका, आधी गळती शोधू." कूलिंग सिस्टीम बंद असते. पेट्रोलसारखं कूलंट संपत नसतं. तीन लिटर गेलं म्हणजे ते कुठेतरी गेलंय, एकतर रस्त्यावर नाहीतर इंजिनच्या आत. वॉटर पंपाच्या सीलमधून गळत होतं. गाडी चालू असतानाच गळायचं आणि गरम इंजिनवर सुकून जायचं, म्हणून खाली डाग दिसायचा नाही. पंप बदलला. त्यानंतर कॅनची विक्री बंद झाली, हे खरं. अशी विक्री बंद झालेली मला चालते. नियमित खप म्हणून जे दिसतं ते कधीकधी ग्राहकाचं दुखणं असतं, आणि दुकानदाराला ते कळत असूनही तो गप्प बसला तर ती कमाई नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून सुरुवातीपासून एक वही ठेवा. गाडीचं मॉडेल, किती लिटर निघालं, किती गेलं, तारीख. याचे फायदे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाहीत. तीन लिटर निघालं आणि भरताना दोनच लिटरला काठोकाठ झालं, तर समजा आत हवा अडकलीय. थर्मोस्टॅट साधारण ८०-९० अंशांदरम्यान उघडतो, तोवर वरून भरलेलं दिसतं. हीटर गरमवर ठेवून गाडी चालू ठेवा, फॅन एकदा फिरू द्या, पूर्ण थंड होऊ द्या, मग परत पातळी बघा. पातळी खाली गेलेली दिसेल. आकडा माहीत नसलेला मेकॅनिक गाडी तशीच देऊन टाकतो. गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे पोरांना रोज सांगा. भाजलेले हात मी पाहिलेत.

वही सहा महिने चालली की स्टॉकचा प्रश्नही सुटतो. तुमच्या गावात कुठल्या गाड्या येतात आणि महिन्याला किती लिटर लागतं हे कळलं की डिस्ट्रिब्युटरच्या स्कीमला भुलून पन्नास कॅन उचलायची गरज पडत नाही. रंगावर मात्र जाऊ नका. हिरवं, लाल, निळं याला सगळ्या कंपन्यांचा एकच नियम नाही. गाडीच्या कंपनीने सांगितलेला प्रकार बघा. दोन वेगळे प्रकार एकत्र झाले तर कधीकधी आत चिखलासारखा गाळ होतो.

आणि निघालेलं जुनं कूलंट गटारात ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात. झाकणाच्या ड्रममध्ये साठवा आणि वापरलेलं ऑइल नेणाऱ्या अधिकृत रिसायकलरला विचारा. कूलंटसाठी वेगळा ड्रम ठेवा, ऑइलमध्ये मिसळलं तर तो ऑइलही घेणार नाही.