हृदयाची उघाडी

दाभोळच्या खाडीकाठी ज्यांचे बालपण गेले, त्यांना उघाडी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात आणि त्यात पाणी बाहेर जाण्यापुरती वाट ठेवून तिला एकाच बाजूला उघडणारी फळी लावतात. ओहोटी लागली की आतले पाणी फळी ढकलून बाहेर पडते. भरती आली की खाडीचेच पाणी तिला दाबून बसवते. ना पहारेकरी, ना कुलूप! पण फळी नीट बसेनाशी झाली, की भरतीगणिक खारे पाणी आत येते आणि पिकते शेत वाया जाते.

गेल्या मे महिन्यात दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत एक आजोबा भेटले. सोबत बारा-तेरा वर्षांची नात. चार पावले भरभर चालली की पोरीला धाप लागे. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले होते, हृदयाची झडप गळते, शस्त्रक्रिया करावी लागेल. आजोबा म्हणाले, "अहो, गळायला तो काय नळ आहे?" मी म्हटले, "नळ नव्हे आजोबा, उघाडी!" त्यांना क्षणात उमगले.

हृदयात अशा चार उघाड्या आहेत आणि दिवसाकाठी लाखभर वेळा त्यांची उघडझाप होते. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडपेला दोन पाकळ्या असतात. त्या पुरत्या मिटल्या नाहीत, तर पुढे जायचे रक्त उलटे फुप्फुसांकडे लोटते. मग धाप, थकवा, पायांवर सूज.

आपल्याकडे लहान वयात हे दुखणे बहुधा घशातून येते. एका जातीच्या जंतूंमुळे घसा दुखतो, बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे सुजतात, तेही बरे होतात. आपण "वाढीचे दुखणे" म्हणून सोडून देतो. हाच ऱ्हुमॅटिक ताप! सांधे सोडून जातो, पण झडपेवर आपली खूण ठेवतो.

झडप बिघडली तर करायचे काय? १९६० साली अमेरिकेत डॉ. अल्बर्ट स्टार यांनी लोवेल एडवर्ड्स या इंजिनियराच्या मदतीने पिंजऱ्यात चेंडू असलेली कृत्रिम झडप रोग्याला बसवली. आपल्या देशातही तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने बनवलेली झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम वापरली गेली. अशा झडपांनी असंख्य प्राण वाचले. पण यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवणारे औषध घ्यावे लागते, वरचेवर रक्त तपासावे लागते. मुलगी पुढे संसाराला लागली, की गरोदरपणी त्याच औषधाची काळजी. आजोबांच्या मनाला लागले होते ते हेच.

म्हणून शक्य तेथे मूळ झडपच दुरुस्त करतात. १९६८ साली साऱ्या जगाचे लक्ष हृदयारोपणाकडे होते. त्याच फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही ते केले, रोगी काही तासच जगला. त्या गदारोळात पॅरिसच्या डॉ. आलँ कार्पाँत्ये यांनी एक साधी कडी पुढे आणली. झडपेची चौकट फाकली की पाकळ्या एकमेकींना पोचत नाहीत. मापाची कडी आतून टाक्यांनी शिवली, की चौकट मूळ आकारावर येते आणि पाकळ्या पुन्हा मिटतात. शेवटी सर्जन कप्प्यात सलाइन भरून गळती पाहतात. आमचा गावकरी उघाडीला दुसरे काय करतो?

आता मांडीच्या शिरेतून नळी घालून दोन पाकळ्या चिमट्याने जोडण्याचीही सोय आहे. पण ती मुख्यतः मोठ्या शस्त्रक्रियेचा धोका पेलणार नाही अशा, बहुधा वयस्क रोग्यांसाठी. ऱ्हुमॅटिक तापाने जाड झालेल्या पाकळ्यांना ती सहसा मानवत नाही. कडीही सर्वांना लागू पडते असे नाही. काहींना पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागते. दुरुस्ती की बदल, हे कित्येकदा हृदय उघडल्यावरच ठरते.

यापेक्षा स्वस्त उपाय घशाशीच आहे. मुलाचा घसा तापासह दुखला तर डॉक्टरांना दाखवा. औषध सांगितले तितके दिवस द्या. ताप येऊन सांधे सुजले तर हृदय तपासून घ्या. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला पेनिसिलीनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. शस्त्रक्रिया झाली म्हणून ते सुटत नाही.

श्रावणात आजोबांचा फोन आला. कडी बसली, झडप घरचीच राहिली! आता ते कॅलेंडरावर दर एकविसाव्या दिवशी तांबडी खूण करतात. यंदा एक खूण नेमकी भाऊबीजेवर आली आहे. आधी इंजेक्शन, मग ओवाळणी, असे नातीने ठरवून टाकले आहे.