पुन्हा बाप्तिस्मा कशासाठी?



आमचं घराणं तीन पिढ्यांचं मेथॉडिस्ट. पुतण्याचं लग्न कॅथलिक मुलीशी ठरलं आणि घरातच वाद सुरू झाला. ‘ती लोकं ख्रिस्ती कुठली? आधी मुलीचा बाप्तिस्मा करा,’ असं एका नातलगाने तिच्यासमोरच सुनावलं. ती बिचारी मान खाली घालून बसली. मला लाज वाटली.

मतभेद आहेत, ते लपवू नयेत. पोपचा अधिकार, मारियेला व संतांना केलेली विनवणी, संस्कार सात की दोन, हे प्रश्न खरेच आहेत. पण पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा एकदाच होतो. आपला असा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करते. मग तिचा आपण का नाकारायचा? ३२५ साली निकिया येथे प्रभू येशूच्या देवत्वाविषयी जे ठरलं, ते आपण दोघेही मानतो. नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर १९९९ मध्ये लुथरन व कॅथलिक यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. २००६ मध्ये जागतिक मेथॉडिस्ट परिषदेनेही तिला संमती दिली. आणि आपल्या मराठीतलं ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) लिहिणारे फादर स्टीफन्स कोण होते? कॅथलिकच ना!

कॅथलिक स्वतःला नुसता एक पंथ मानत नाहीत, तो वाद निराळा. पण ते ख्रिस्ती आहेत. आमची सून बाप्तिस्मा घेतलेलीच येते आहे. तिला पाणी नको, आशीर्वाद द्या.

– एक मेथॉडिस्ट वाचक, बेळगाव