त्या किल्लीचं कुलूप कुठे?

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या एका वर्गणीदार बाईंनी पत्रासोबत मुलाच्या वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवलेत. 14 वर्षांच्या या मुलानं आजीशेजारी बसून एका मराठी रहस्यमालिकेचे 60 भाग चार रविवारांत संपवले आणि सुटलेला प्रत्येक धागा टिपला. तिसऱ्या भागात देव्हाऱ्यामागे पितळी किल्ली सापडते, कॅमेरा तिच्यावर रेंगाळतो, पार्श्वसंगीत चढतं. वहीत त्यापुढे लिहिलंय: ‘कुलूप?’ साठाव्या भागापर्यंत ते प्रश्नचिन्ह तसंच आहे.

मालिकेचं नाव छापत नाही, कारण अशी किल्ली आपल्यापैकी बहुतेकांच्या पटकथेत पडून आहे. रोज 22 मिनिटं पाहणारा विसरतो, यावर आपण आजवर निभावून नेलं. ॲपवर सलग पाहणारा विसरत नाही.

वाहिन्यांची चूक आहेच. गुरुवारी टीआरपी येतो, शुक्रवारी ईपीचा, म्हणजे कार्यकारी निर्मात्याचा, फोन: ‘तो खुनी नको, लोकांना आवडायला लागलाय.’ कथेची वनलाइन बदलते, आधी चित्रित केलेल्या भागांची बँक शिल्लक नसते, संवाद मेकअप चालू असताना पोचतात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. किल्ली सांभाळायची कुणी?

2016 साली ‘रात्रीस खेळ चाले’नं आकेरीच्या वाड्यात घडतंय ते भुताचं की माणसाचं, या एका प्रश्नावर महाराष्ट्राला जागवलं. 2021च्या तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता ही पात्रं भुतं म्हणून सरळ वावरू लागली आणि पहिल्या पर्वाच्या कोड्यातली हवाच गेली. ‘देवमाणूस’नं 2020मध्ये खुनी आधीच दाखवून टाकला आणि सापडणार कधी, यावर ताण धरला. दैनंदिन मालिकेला हाच साचा झेपतो, असं माझं ठाम मत आहे. वॉटफर्डशेजारच्या बकिंगहॅमशरच्या गावांत चित्रित होणारी ‘मिडसमर मर्डर्स’ ही रहस्यमालिका 1997पासून चालू आहे, पण तिथे दीडेक तासात उलगडा होतो. आपल्याला शेकडो भाग ओढायचे, म्हणजे हिशेब त्यांच्याहून काटेकोर हवा.

मित्रहो, सही करण्यापूर्वी शेवटच्या भागाची वनलाइन कराराला जोडून घ्या. धाग्यांची वही घाला: भाग क्रमांक, वस्तू, कुणी पाहिली, कुठे उलगडणार. तिची प्रत संवादलेखकाला द्या. ‘वेळ कुठाय?’ हे आता ऐकवत नाही. शाळा सांभाळून एका पोरानं अशी वही लिहिली. 15 तारखेपर्यंत आपल्या वहीचं एक पान आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू. त्या मुलाची दोन्ही पानं याच अंकात आहेत.